मेटाडोरभर माणसं

अमरावती
६ जानेवारी २०२५

वामनराव भाऊजी,

पत्राच्या वर 'साष्टांग नमस्कार' लिहायची आपल्या घरची रीत आहे. मी नुसता नमस्कार लिहिते, अन् तोबी तुमच्या वयाले. फोन तुमी उचलत नाही. तीन वेगवेगळ्या नंबरांवरून लावून पाह्यला, तिन्ही तुमी बंद करून टाकले. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. पोस्टातली बाई म्हणे, "आजकाल पत्र कोन लिहिते, मावशी?" मी म्हटलं, जिचा दीर तोंड लपवते ती लिहिते.

तुमचा फोटो पाह्यला पेपरात. 'सुंदर अकोला मंच', अध्यक्ष तुमी, गळ्यात झेंडूचा हार. फुलं विकून पोट भरते मी, मले कळते, हार निरा पोकळ होता, वरून फुलं अन् आत दोरा. खाली तुमचं भाषण छापलं होतं. 'रस्त्यावर फिरणारे मनोरुग्ण हा शहराच्या चेहऱ्यावरचा डाग आहे. आमच्या मंचाने आठ दिवसांत चौक मोकळे करून दाखवले.' वा भाऊजी, वा! ज्या माणसानं जन्मात घरची मोरी धुतली नाही, तो शहराचं तोंड धुवून राह्यला.

पेपरवाल्यानं एक गोष्ट विचारली नाही, ती मी विचारते. चौक मोकळे झाले, मंग माणसं कुठी गेली?

मीच सांगते. २८ डिसेंबरले, भर दुपारी, बडनेऱ्याच्या अलीकडं बायपासवर एक मेटाडोर थांबली. मागचं फळकं पाडलं, सात माणसं उतरवली, हरेकाच्या हातात बिस्किटाचा पुडा देल्ला अन् मेटाडोर आली तशी अकोल्याकडं माघारी. बाजूच्या रसवंतीवाल्यानं सारं पाह्यलं. गाडीले तुमच्या मंचाचा बॅनर तसाच बांधून होता, तोबी तुमच्या फोटोसकट. पाप करायले निघाले अन् नावगाव संगं घेऊन आले, इतके हुशार तुमी लोक.

ते सात जण आता इथल्या 'सावली' निवाऱ्यात आहेत. त्यातला एक देवमन आहे. तुमचा सख्खा मोठा भाऊ. माझा नवरा, जो पंधरा वर्षांमांगं हरवला.

तुमी म्हणान, वहिनीचं डोकं फिरलं. म्हणा. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. दाढी छातीपर्यंत आली, समोरचे दात गेले, आंगावर कोण्या पक्षाचा टी-शर्ट. पण डाव्या हाताची दोन बोटं तशीच वाकडी, पंपाच्या पट्ट्यात आलेली. अन् आवाज! अकोल्याच्या भाजीबाजारात ढिगावर उभं राहून लिलावाचा हर्रास पुकारे न तो, पलीकडच्या गल्लीतले गिऱ्हाईक त्याच्या आवाजानं येत. आताबी खाटेवर उभा राह्यते अन् बाजूच्या खाटेवरच्या माणसाकडं बोट करून पुकारते, "बोला बोला, ताजा माल, कोन घेते? कोन घेते?" दिवसभर. निवाऱ्यातले लोक हसतात. त्यायले वाटते हे वेड आहे. मले मालूम आहे, तो कामावर आहे.

आता कामाचं. निवाऱ्यात माणूस महिनाभर ठेवतात. ३१ तारखेपर्यंत रक्ताचं माणूस कागद घेऊन आलं नाही, तर त्याले दूर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवतील. तिथून कोणी परत आलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. मी बायको म्हणून नेऊ शकत नाही. काहून, ते तुमाले पाठ आहे. २०१८ साली कोर्टात अर्ज तुमी केला, देवमन मेला अशी शपथ तुमी घेतली, अन् बाळापूरले नदीवर पळसाच्या पानाचा पुतळा करून त्याले अग्नीबी तुमीच देल्ला. हरवलेल्या माणसासाठी बारा वर्षं थांबतात म्हणे. तुमाले कशाची घाई होती, आठातच उरकलं. माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. कागदावर मी विधवा. विधवेच्या हाती नवरा कोण देईन?

म्हणून तुमी या. रेशनकार्ड अन् त्याच्या शाळेचा दाखला तुमच्याच पेटीत आहे. 'हा माझा भाऊ, जिता आहे, माझी चूक झाली' इतक्या तीन गोष्टी लिहून द्या. त्याच्या हिश्शाचं वावर, ती जमीन, मी मागत नाही, भिऊ नका. वावर तुमाले लखलाभ. मले माणूस पाहिजे.

प्रतीक्षाले यातलं काही माहीत नाही. लेक माझी परतवाड्याले सुखानं नांदून राहिली. तिचं नाव या भानगडीत घ्यायचं नाही, हे आताच सांगून ठेवते.

साधना


अमरावती
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

भाऊजी,

तीळगूळ पाठवत नाही. तुमाले गोड बोलायचं शिकवायची गरज नाही, तेवढं एकच तुमाले येते.

तुमच्या अश्विनचा फोन आला. स्वतःच्या तोंडानं बोलायची हिंमत नाही म्हणून पोराले पुढं केलं. बिचारा वाचून दाखवल्यासारखा बोलला. "काकू, बाबा म्हणतात ते काका नसतीन. अन् असले तरी गुरुजी म्हणतात, ज्याचा विधी झाला त्याले घरात घेता येत नाही. त्याचं पुन्हा बारसं करा लागते, पुन्हा लगन करा लागते." मी म्हटलं, अश्विन, तुझ्या बापाले सांग, बारसं करू. पाळणा मी आणते. पेढे त्यायनं आणावे. पोट्टा हसला, अन् मंग त्याले आठवलं की हसायचं नव्हतं.

शास्त्र आठवलं तुमाले! ज्या दिवशी मेटाडोर भरली त्या दिवशी कोणतं शास्त्र वाचलं होतं?

एक मात्र मी तुमाले विचारते. मेटाडोरमधी चढवताना तुमी तिथं होते का? तुमच्या ड्रायव्हरनं हाताले धरून वर ओढला असन त्याले, तवा तुमी बाजूले उभं राहून फोटो काढून घेत होते का? ओळखलं नाही तुमी? का ओळखलं म्हणूनच मेटाडोरमधी टाकलं? मले याचं उत्तर नको. उत्तर काहीबी असो, तुमची किंमत तेवढीच राह्यते.

परवा इथं एका मंगल कार्यालयात चर्चासत्र झालं. विषय मोठा होता, 'रस्त्यावरचा मनोरुग्ण : जबाबदारी कोणाची?' तुमच्या मंचानं माणसं इथं आणून टाकली म्हणून अमरावतीवाले चिडले होते. माणसं आणून टाकली याचा राग नव्हता बरं. इथं काहून टाकली, याचा राग होता. एक जण उठून म्हणे, "आपनबी आपले धारणीच्या रस्त्यावर नेऊन सोडू, जंगलात कोनाले तरास नाही." अन् लोकायनं टाळ्या देल्ल्या. तुमच्यासारखे शहाणे इथंबी पिकतात, उगाच अकोल्याचा अभिमान धरू नका.

एक रिटायर साहेब उभे राह्यले. म्हणे शहराबाहेर मोठं कंपाउंड बांधा, साऱ्यायले त्यात ठेवा, चौकात पर्यटक येतात. पर्यटक! इतवारा बाजारात कोणता पर्यटक येते, मले दाखवा. मंग एक झोलेवाला पोट्टा उठला, डोळ्यात पाणी आणून बोलला, की यायले उचलणं म्हणजे यायच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, रस्त्यावर राह्यचा यायले हक्क आहे. माय माय! उन्हाळ्यात डांबरावर अनवाणी चालायचा हक्क, कुत्र्यासंगं उष्टं खायचा हक्क. इतका चांगला हक्क आहे तर घे न बापा तुझ्यासाठी एक.

शेवटी एक डॉक्टर बोलले. बारीकसे, थकलेले, चार मिनिटं भेटली त्यायले. म्हणे, "यातल्या बहुतेकांना रोज गोळी लागते, आणि रोज ती गोळी हातावर ठेवणारं एक माणूस लागतं. त्या माणसाची सोय कोणी करत नाही." त्या दोन तासांत कामाची गोष्ट तेवढीच झाली. पण तवर चहा आला होता. लोक कप मोजत होते.

मंग निवाऱ्यातली करिश्मा माईकपाशी गेली. तीस वर्षांची पोरगी, सातही माणसायले तिनंच बायपासवरून आणलं, आंघोळी घातल्या. तिले भाषण येत नाही. तिनं एवढंच विचारलं, "आमच्याकडं अडतीस जण आहेत. म्हणजे अडतीस घरं असतीलच न? ते घरचे कुठं आहेत?"

चौथ्या रांगेत मी बसून होती. सारे वर पंख्याकडं पाहून राह्यले होते. मीबी पंख्याकडंच पाह्यलं.

आता हे वाचून तुमाले बरं वाटलं असन, म्हणून अजून एक सांगून टाकते. करिश्मा पहिल्यांदा माझ्या दुकानावर आली ती फोनवर फोटो घेऊन. गल्लीतल्या हरेक दुकानदाराले दाखवत होती, "हे कोणाच्या ओळखीचे आहेत का?" मी फोटो पाह्यला. हातात शेवंतीचा गजरा होता. अन् मी म्हटलं, नाही बाई, नाही ओळखत.

तीन दिवसांनी गेली मी निवाऱ्यात. तवा मॅनेजरले सांगतलं की मी बायको. त्यानं कागद मागतले, म्हणे कागद नसतीन तर भाऊ आणा नाही तर मूल आणा. विचारलं, "लेकरू आहे का?" मी म्हटलं नाही. म्हणजे तुमच्या भरवशावर मी माझ्या पोटच्या पोरीले नाही म्हणून बसली. आता तरी या. सतरा दिवस राह्यले.

साधना


अमरावती
२३ जानेवारी २०२५

भाऊजी,

तुमचं पत्र भेटलं. मंचाच्या लेटरहेडवर, टाईप केलेलं, वर तुमचा फोटो. भावजयीले धमकी द्यायलेबी फोटो लागते तुमाले.

तुमी लिहिलं, 'सदर प्रकरणी आपणही तेवढ्याच सहभागी होतात, याचा विसर पडू नये.' अन् खाली, 'प्रतीक्षाच्या सासरी सत्य कळल्यास तिच्या संसाराचे काय होईल, याचा विचार करावा.' सदर प्रकरणी! भावाले सदर प्रकरण म्हणणारा तुमच्यासारखा भैताड मी दुसरा पाह्यला नाही.

पण खोटं नाही लिहिलं तुमी. म्हणून आज मी 'हरवला' हा शब्द खोडते. देवमन हरवला नव्हता.

तुमाले विसरायची सवय आहे, मी सारं सांगते, क्रमानं. त्याच्या डोक्यात हर्रास चालू झाला तवा प्रतीक्षा दहा वर्षांची होती. पहिले त्यानं घरातली भांडी पुकारली. मंग बैल पुकारला, जो आपला नव्हताच. अकोल्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, बरा पडून राह्यला होता, झोपे, जेवे. तुमी म्हटलं गोळ्यायची सवय लागते, बंद करा. मी बंद केल्या. काहून ऐकलं तुमचं? तुमी बी.ए. होते न, घरातले एकटे शिकलेले.

मंग तो दिवस. प्रतीक्षा शाळेतून आली, त्यानं तिचा हात धरला, ओट्यावर उभी केली अन् पुकारा सुरू केला. "बोला, कोन घेते?" सारं गाव जमलं. लोक हसले. पानठेल्यावरच्या एकानं बोली लावली, मस्करीत. त्या दिवशी मले वाटलं, जमीन फाटली तर बरं. आठ दिवस मी घराबाहेर तोंड काढलं नाही. नवव्या दिवशी तुमी आले अन् म्हणाले, वहिनी, उपाय आहे.

उपाय तुमचा, अन् भाकरी माझ्या. चार भाकरी, मिरचीचा ठेचा, एक कांदा. धुतलेला शर्ट मीच त्याच्या आंगात घातला. तुमी त्याले सांगतलं, सुरतेकडं मोठा बाजार आहे, हर्रासाले पुकारणारा पाहिजे. तो किती खुश झाला होता, आठवते? अकोला टेसनावर, दुपारच्या गाडीत, खिडकीपाशी बसवला. त्यानं विचारलं, "माल काय आहे?" तुमी म्हटलं, कांदा. तो म्हणे, "कांद्याले आवाज लय लागते," अन् खाकरून गळा साफ करून राह्यला. गाडी हालली, तुमी पाठ फिरवली. मी नाही फिरवली. मी पाहून राहिली होती. हे कोणी विचारलं तर मी छाती ठोकून सांगते, की भाऊजीनं पाह्यलं नाही, मी पाह्यलं. मले वाटे, पाहणारी पाठ फिरवणाऱ्यापेक्षा बरी. आता नाही वाटत.

अन् तुमच्या मेटाडोरले मी नावं ठेवून राहिली! पहिली गाडी तर आपणच भरली होती. त्या माणसायनं बिस्किटाचे पुडे देल्ले, मी भाकरी देल्ल्या, फरक तेवढाच. शहरं हे कुठून शिकली? आपल्या घराघरातून शिकली.

आता जे सांगते ते तुमालेबी माहीत नाही. कोणालेच माहीत नाही.

तो परत आला होता. २०१३ साली, चैत्रात. बाजाराचा दिवस, तुमच्या माय, आत्याबाई, बाळापूरले गेल्या होत्या, प्रतीक्षा शाळेत. दुपारी कुंपणापाशी एक माणूस उभा राह्यला. केस जटा झालेले, पायाले चिंध्या बांधलेल्या. सुरतेवरून चालत आला का कशानं आला, देव जाणे. तीन वर्षं लागली त्याले घर शोधायले. मले एका नजरेत कळलं.

प्रतीक्षा तेव्हा तेरा वर्षांची. शाळेतल्या पोरी नुकत्याच विसरल्या होत्या तो ओटा. मी तांब्याभर पाणी नेलं, भाकर नेली, कुंपणावरून देल्ली. त्यानं पाणी प्यालं अन् म्हणे, "बाई, विहिरीचं पाणी गोड आहे." ती विहीर त्यानंच खांदली होती भाऊजी, तुमी तवा कॉलेजात होते. मी म्हटलं, "घरी कोणी नाही बाबा, पुढं जा."

अन् तो गेला. कुरकुर नाही, काही नाही. भिकाऱ्याले जसं पुढं जा म्हणतात तसं मी म्हटलं, अन् भिकारी जसा जाते तसा तो गेला. ओळखून गेला का न ओळखता, हे मले मरेपर्यंत कळणार नाही.

पाच वर्षांनी तुमी पुतळा जाळला तवा मले मालूम होतं की तो जिता आहे. मी कुंकू पुसू देल्लं. रडलीबी. बायका म्हणाल्या, किती रडते बिचारी. तुमाले वावराचा कागद पाहिजे होता, मले पोरीच्या सोयरिकीले 'वडील वारले' म्हणायची सोय पाहिजे होती. येडा बाप लपवण्यापेक्षा मेलेला बाप सांगणं सोपं जाते. परतवाड्याच्या लोकायले मी तेच सांगतलं.

तवा तुमची धमकी तुमच्यापाशीच ठेवा. ज्या गोष्टीची भीती दाखवून राह्यले, ती मी स्वतःच उद्या जाऊन सांगते. सकाळच्या पहिल्या गाडीनं परतवाड्याले निघाली मी. तुमची वाट पाहणं हा माझा आळस होता, दुसरं काही नाही. तुमी सही केली असती तर मले पोरीपुढं उभं राह्य लागलं नसतं, त्यासाठी तीन पत्रं खर्ची घातली.

साधना


अमरावती
१ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

काल ३१ तारीख झाली. तुमी आले नाही, हे लिहायची गरज नाही. पेपरात वाचलं की काल तुमच्या मंचाचा सत्कार होता. हार या वेळी तरी भरीव होता का?

परतवाड्याले गेली त्या दिवशी प्रतीक्षा अंगणात गहू निवडून राहिली होती. पाचवा महिना आहे तिले. मी उभ्या उभ्याच सारं सांगतलं, बसली असती तर बोलता आलं नसतं. टेसन सांगतलं, कुंपण सांगतलं, पुतळा सांगतला. सूप तिच्या हातात तसंच राह्यलं.

तिची सासू माणिकबाई दारात येऊन उभी होती. साऱ्यात जास्त भीती मले तिची. ती म्हणे, "तुमी त मेला म्हनून सांगतलं होतं." मी म्हटलं, हाव, खोटं सांगतलं. ती सुनेकडं वळून म्हणे, "मेलेला इवाई जिता निघाला, यात रडासारखं काय हाय? मागची खोली खाली करून ठेवजो." अन् मले पाणीबी विचारलं नाही. मले राग आला नाही. जिच्यासारख्यायची भीती बाळगून मी नवऱ्याले दोनदा हाकललं, तिले एक वाक्य लागलं.

प्रतीक्षा सूप घेऊन घरात निघून गेली. काल सकाळी निवाऱ्यात आली, जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, सारं प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. जवाई गाडी घेऊन बाहेर उभे राह्यले.

देवमन खाटेवर उभा राहून पुकारून राह्यला होता. तिले पाहून पुकारायचा थांबला. ओळखलं असं मी म्हणत नाही. मी आता असं काही म्हणणार नाही. तिनं त्याचा वाकड्या बोटाचा हात धरला अन् खाली उतरवला. तो उतरला. करिश्मानं त्याच्या गोळ्या समजावून सांगतल्या, सकाळची कोणती, जेवल्यावर कोणती, कोणती चुकली तर काय करायचं. प्रतीक्षानं वहीत लिहून घेतलं, दोन वेळा विचारून घेतलं. मले एकदाही नाही विचारलं.

मंग ऑफिसच्या बाहेर बाकावर आमी दोघीच होतो. तवा बोलली. म्हणे, "आई, ओट्यावरचं तू अर्धंच सांगतलं."

मी म्हटलं, काय राह्यलं?

म्हणे, "त्या पानठेल्यावाल्यानं बोली लावली, तवा बाबानं मले कडेवर घेतलं. इतकी मोठी पोरगी मी, तरी कडेवर घेतलं. अन् म्हणाले, हा माल विकायचा नाही, हर्रास बंद. अन् घरात घेऊन आले. मले दूध गरम करून देल्लं. तू तथीच होती."

तथीच होती मी, भाऊजी. दारातच. मले फक्त लोकायचं हसणं ऐकू आलं होतं. पंधरा वर्षं मी तो दिवस उगाळला, रोज, अन् त्यातलं हे एवढं मले ठाऊकच नव्हतं. हसणाऱ्या लोकायले मी घाबरली, अन् ज्यानं पोरीले त्यायच्यातून उचलून आणलं त्याले गाडीत बसवून देल्लं. तुमाले मी तीन पत्रांत जे जे बोलली, ते कमी होतं असं नाही. पण पत्ता चुकला. निम्मं मले पाठवायचं होतं.

मी म्हटलं, मी बी येते परतवाड्याले, त्याचं करायले. ती म्हणे, "आत्ता नोको येऊ. मी सांगन तवा येजो." कधी सांगशीन, हे विचारायचं माझं तोंड नव्हतं.

मॅनेजरनं कागद भरले. नेणारी व्यक्ती, नातं मुलगी. खाली दोन साक्षीदारांच्या जागा. मॅनेजर म्हणे घरचे असले तर बरं. बायको लिहिता येत नव्हतं, सरकारदरबारी मी विधवा. पण मुलीची आई, इतकं तरी लिहिता आलं असतं. प्रतीक्षानं पेन घेतला, माझं नाव नीट अक्षरात लिहिलं, अन् नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'ओळखीच्या'. करिश्मानं ते वाचलं अन् माझ्याकडं पाह्यलं. मी सही केली.

दुसऱ्या साक्षीदारासाठी मॅनेजरनं इकडंतिकडं पाह्यलं. कोणी नव्हतं. शेवटी गेटवरच्या वॉचमनले बोलावलं. भगवंत नाव आहे त्याचं, महिनाभर देवमनले बिडी पाजत होता. त्याले लिहिता येत नाही. त्यानं अंगठा लावला. ती जागा तुमची होती.

साधना